ओबीडीवर ६० ओहम बरोबर येतात, मग एबीएस गप्प का बसतं?

प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणला स्वतःचं गॅरेज चालवणाऱ्या एका मित्राकडे सहा वर्षं वापरलेली डिझेल एसयूव्ही आली आहे. पाऊस सुरू झाल्यापासून चालत्या गाडीत मीटरवरचे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), हँडब्रेक, स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम लागतात, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येतो आणि स्टिअरिंग जड होतं. गाडी बंद करून पुन्हा चावी फिरवली की बहुतेक वेळा सगळं ठीक. इंजिन, मीटर आणि बॉडी कंट्रोल या तिन्ही मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांमध्ये, यू०१२१ आणि यू०१३१ हे कोड सापडले. एक-दोनदा तर स्कॅनर कुणाशीच बोलू शकला नाही. स्कॅनर लावायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मात्र ६० ओहम येतात. ‘म्हणजे वायरिंग चांगलं आहे, एबीएस मॉड्यूल गेलं’ असा सल्ला मिळालाय. मॉड्यूल मागवू का, असं ते विचारतात.

मागवू नका. निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं जशीच्या तशी धरली तरी एबीएस मॉड्यूल खराब असल्याचा पुरावा त्यात कुठेच नाही. सगळा निष्कर्ष त्या ६० ओहमवर उभा आहे, आणि तो आकडा तेवढा भार पेलत नाही.

त्याचा हिशेब आधी बघू. कॅन म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी ज्यावरून बोलतात ती लाइन. तिच्या दोन तारा, हाय आणि लो, एकमेकींना पीळ देऊन गाडीभर फिरतात. मुख्य लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचा रेझिस्टर असतो, बहुतेकदा एखाद्या मॉड्यूलच्या पोटातच. दोन १२० समांतर, म्हणून ६०. तुमच्या मल्टिमीटरने ६० दाखवले याचा अर्थ एवढाच, की गाडी उभी असताना, त्या क्षणी, सॉकेटपासून दोन्ही टोकांपर्यंतची लाइन जोडलेली होती आणि दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्या. बस्स.

मुख्य लाइनवरून प्रत्येक मॉड्यूलकडे जी छोटी फांदी जाते तिची खबर या आकड्यात नाही. टोकाचा रेझिस्टर एबीएसमध्ये नसेल, तर एबीएसची फांदी पक्कडीने कापून टाकली तरी सॉकेटवर ६०च दिसणार. हे लगेच तपासता येतं: बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असताना एबीएसचा कपलर (तारा जोडणारा प्लग) काढा आणि पुन्हा मोजा. १२० झाले तर एबीएस हे लाइनचं एक टोक आहे. ६०च राहिले तर ते फांदीवर आहे, आणि तुमच्या आधीच्या मोजणीने त्या फांदीबद्दल काहीही सिद्ध झालेलं नाही.

दुसरं म्हणजे दोघींपैकी एक तार बॉडीला घासून शॉर्ट होत असेल तर तेही हाय-लोच्या मधल्या ओहममध्ये दिसत नाही. तिसरं, मॉड्यूलला करंट आणि अर्थ (बॉडीमार्गे बॅटरी निगेटिव्हशी जोडणी) मिळतोय का, याचा या मोजणीशी संबंधच नाही. आणि चौथी गोष्ट गेटवेची. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत ओबीडी सॉकेटच्या मागे थेट गेटवे मॉड्यूल असतं, एका लाइनवरचे निरोप दुसरीवर पोचवणारं. तिथे ६ आणि १४ वर जे मोजता ती सॉकेट ते गेटवे एवढीच स्वतंत्र लाइन असते. एबीएस गेटवेच्या पलीकडच्या लाइनवर असतं. तुमच्या गाडीत गेटवे आहे की नाही, हे वायरिंग डायग्राम बघूनच सांगता येईल. डायग्राम नसेल तर आधी तो मिळवा. त्याच्याशिवाय कॅनच्या फॉल्टला हात घालण्यात अर्थ नाही.

आता कोड. यू०१२१ म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला, यू०१३१ म्हणजे पॉवर स्टिअरिंगशी तुटला. हे कोड ज्या मॉड्यूलमध्ये सापडतात ते तक्रार करणारं असतं, आरोपी नव्हे. वर्गात हजेरी घेताना पोरं ‘तो आला नाही’ म्हणून ओरडतात तसं आहे हे. कोण ओरडलं यापेक्षा कोणाच्या नावाने ओरडले, ते पाहायचं. कागदावर सरळ तक्ता मांडा: डाव्या बाजूला स्कॅनरला उत्तर देणारी सगळी मॉड्यूल, वरच्या ओळीत ज्यांच्याबद्दल तक्रार आहे ती. तुमच्या माहितीवरून तिघं जण एबीएस आणि स्टिअरिंग या दोघांबद्दलच बोलतायत. इंजिन, मीटर आणि बॉडी कंट्रोल यांची एकमेकांबद्दल तक्रार नाही. म्हणजे शोधायचं आहे ते एबीएस आणि स्टिअरिंग या दोघांत सामायिक काय आहे ते. एकच फ्यूज? एकच अर्थ? की दोघांकडे जाणाऱ्या तारांचा एकच जॉइंट? दोन मॉड्यूल एकाच वेळी, तीही पावसात, खराब होतील ही शक्यता मी तरी शेवटी ठेवेन.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: एबीएस आणि स्टिअरिंगच्या स्वतःच्या पोटात कोणते कोड आहेत? गाडी ठीक चालत असताना ती दोघं स्कॅनरला उत्तर देतात ना? मग त्यांचंही म्हणणं ऐका. एबीएसमध्ये ‘इंजिनशी संपर्क तुटला’ असा यू०१०० सापडला, तर एबीएस त्या वेळी जागं होतं, त्याला करंट मिळत होता, फक्त त्याला बाकीच्यांचं ऐकू येत नव्हतं. हा तारेकडे बोट दाखवणारा पुरावा आहे. उलट एबीएसमध्ये यू कोड एकही नाही आणि व्होल्टेज कमी झाल्याचा कोड आहे, तर ते झोपलं होतं, आणि फ्यूज-अर्थच्या मागे लागायचं. एवढ्या एका नोंदीने अर्धा दिवस वाचतो. कोड उडवण्याआधी सगळ्या मॉड्यूलचा रिपोर्ट सेव्ह करून ठेवा. कोडसोबत वेळ, किलोमीटर, बॅटरी व्होल्टेज अशी नोंद असेल तर तीही. आल्या आल्या कोड क्लिअर करायची आपल्याकडे जी सवय आहे ती या कामात फार महागात जाते.

जाता जाता: यू०४१५ सारखा कोड दिसला तर गोंधळ नको. तो एबीएसकडून चुकीची माहिती येतेय म्हणून असतो. संपर्क आहे, मजकूर खोटा आहे. तिथे कॅनच्या तारा तपासत बसू नका, व्हील सेन्सर बघा.

स्पीडोमीटर शून्यावर का येतो, हेही ग्राहकाला समजावून सांगा, नाहीतर तो मीटर बदला म्हणून मागे लागेल. चाकाचा वेग थेट मीटरकडे जात नाही. व्हील सेन्सरच्या तारा एबीएसमध्ये जातात आणि एबीएस तो वेग कॅनवर टाकतं. मीटर, इंजिन, स्टिअरिंग सगळे तिथून उचलतात. एबीएस गप्प झालं की काटा पडतो, आणि दिवे लागतात ते मीटर स्वतः लावतं, कारण त्याला समोरून काही कळेनासं होतं. बॉशने १९८३ मध्ये कॅनवर काम सुरू केलं ते याचसाठी, प्रत्येक माहितीला वेगळी तार ओढायची नाही म्हणून. १९८६ ला डेट्रॉइटच्या परिषदेत ते मांडलं आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ते रस्त्यावर आलं. तारा कमी झाल्या, पण एक तार बिघडली की चार गोष्टी बंद पडतात.

तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली ओळ दुसरीच आहे: ‘एक-दोनदा स्कॅनर कुणाशीच बोलू शकला नाही’. करंट किंवा अर्थ गेलेलं मॉड्यूल सहसा नुसतं गप्प बसतं. बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं. सगळी लाइनच बंद पडते तेव्हा कोणीतरी लाइन बिघडवत असतं. म्हणून माझी पैज अर्थपेक्षा तारेवर आहे, आणि त्यातही एका तारेवर. हाय किंवा लो यांपैकी एकच, अर्धवट तुटलेली किंवा बॉडीला अधूनमधून लागणारी.

एक तार तुटल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण ‘चावी फिरवली की ठीक’ याचं उत्तर तिथे आहे. समजा एबीएसच्या फांदीवरची हाय तुटली. एबीएसला वाटतं आपण बोलतोय, पण लाइनवर अर्धाच सिग्नल पडतो. बाकीची मॉड्यूल तो नाकारतात आणि लाइनवर चूक झाल्याची खूण टाकतात. एबीएस पुन्हा पाठवतं, पुन्हा चूक. प्रत्येक मॉड्यूलच्या कॅन कंट्रोलरमध्ये चुका मोजणारा काउंटर असतो: पाठवताना चूक झाली की ८ ने वर, मेसेज नीट गेला की १ ने खाली. १२७ च्या पुढे गेला की ते मॉड्यूल दबकून वागायला लागतं, २५५ च्या पुढे गेला की स्वतःला लाइनवरून काढून घेतं. याला बस-ऑफ म्हणतात. हिशेब करा: लागोपाठ ३२ चुका झाल्या की संपलं. ५०० केबीपीएसच्या (सेकंदाला पाच लाख बिट) लाइनवर एक मेसेज पाव मिलिसेकंदाच्या आसपास जातो, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत मॉड्यूल बाहेर. त्या काळात बाकीच्यांचाही गोंधळ उडतो. पुढे काय, ते प्रत्येक मॉड्यूलच्या सॉफ्टवेअरवर असतं: काही थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात, काही चावी बंद-चालू होईपर्यंत गप्प राहतात. म्हणून चावी फिरवल्यावर ‘बरं’ वाटतं. बरं झालेलं काही नसतं, मोजणी शून्यापासून सुरू झालेली असते.

हे डोक्यात ठेवून कामाला लागा.

सुरुवात तरीही करंट आणि अर्थपासूनच करा, माझी पैज कशावरही असो. तिथे वेळ कमी जातो आणि शंका कायमची मिटते. बॅटरी उभ्या गाडीत १२.५ व्होल्टच्या आसपास आहे का, सेल्फ मारताना किती खाली येते, टर्मिनल हाताने हलतंय का. सेल्फ मारताना व्होल्टेज ९ च्या खाली गेलं तर चांगली मॉड्यूलही रीसेट होतात आणि सगळीकडे यू कोड पेरून ठेवतात. पावसाळ्यात जुनी बॅटरी, वायपर, हेडलाइट, ब्लोअर हे सगळं एकदम चालू असताना एबीएस आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंग आधी तक्रार करतात, कारण जास्त अँपिअर ओढणारी मॉड्यूल तीच.

एबीएसला सहसा एकापेक्षा जास्त फीड (करंट आणणाऱ्या तारा) असतात: मोटरचा मोठा फ्यूज, व्हॉल्व्हचा वेगळा, आणि चावीवर येणारा लहान. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका आणि एलईडीच्या टेस्टरवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. वायरीत एकच केस शिल्लक असली तरी तो टेस्टर दिमाखात पेटतो. मी अजूनही जुना एच४ बल्ब वापरतो, दोन वायरी जोडलेला. ६० वॉटची फिलामेंट पाचेक अँपिअर ओढते. कपलर काढून फीडच्या पिनेला आणि त्याच कपलरमधल्या अर्थला बल्ब लावा (पिनेत बसेल असं टर्मिनल वापरा, पिन फाकवू नका). पूर्ण पांढरा पेटला तर फीड आणि अर्थ दोन्ही पास. पिवळट पेटला तर मल्टिमीटरने बल्ब चालू असतानाच बघा, व्होल्टेज कुठे पडतंय: अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर अर्थचा बोल्ट काढून घासा. चावीवर येणारी लहान फीड आणि बाकीच्या बारीक वायरी यांना हा बल्ब लावू नका, तिथे लहान बल्ब घ्या. कॅनच्या तारांना कुठलाही बल्ब, कुठलाही टेस्टर कधीच नाही. आणि पिवळ्या कपलरपासून लांब. तो एअरबॅगचा आहे, तिथे ओहम मोजायला जाऊ नका.

हे सगळं पास झालं की कॅनकडे वळा. चावी ऑन, सॉकेटवर काळी प्रोब ४ किंवा ५ नंबरच्या अर्थला, लाल आधी ६ ला, मग १४ ला. लाइन शांत असते तेव्हा दोन्ही तारा २.५ व्होल्टवर असतात. बोलणं चालू झालं की हाय ३.५ कडे उडी मारते आणि लो १.५ कडे. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे निरोगी लाइनवर हाय २.६ ते २.८ आणि लो २.२ ते २.४ असं काहीतरी येतं. दोन्हींची बेरीज ५ च्या जवळ असायला हवी, ही सोपी खूण लक्षात ठेवा. दोन्ही तारा शून्याजवळ आल्या तर हाय बॉडीला लागली आहे. दोन्ही १२ च्या आसपास गेल्या तर लो बॅटरी प्लसला. दोन्ही अगदी २.५ वर स्थिर, हलतच नाहीत, तर दोघी एकमेकींना चिकटल्यात किंवा सगळे झोपलेत. लो बॉडीला लागली तर लाइन लंगडत का होईना चालू राहू शकते, आणि हेच फॉल्ट सगळ्यात जास्त फिरवतात. गाडी चालते, ग्राहक म्हणतो ‘कधी कधी होतं’.

पण तुमचा फॉल्ट सतत नाही. उभ्या गाडीत सगळं बरोबरच दिसणार. तो पकडायला गाडीला छळावं लागेल. बॅटरी निगेटिव्ह काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून ६ आणि १४ ला प्रोब अडकवा आणि साथीदाराला वायरिंग हलवायला लावा: एबीएसचा कपलर, फायरवॉलचं ग्रोमेट (तारा आरपार जातात ते रबर), बॅटरी ट्रेखालचा लूम (तारांचा जुडगा), डॅशखालचा जॉइंट. (बॅटरी लागलेली असताना ओहम मोजलेत तर तो आकडा कचरा आहे, लाइनवर व्होल्टेज असतं.) ६० चे ६७ झाले तर दुर्लक्ष करू नका. एका बाजूच्या तारेत ३० ओहमचा गंज आला तर १२० आणि १५० समांतर होऊन नेमके ६७ च्या आसपास येतात. १२० कडे उडी मारली तर ती बाजू पूर्ण सुटली. ४० आले तर लाइनवर तिसरा १२० चा रेझिस्टर कोणीतरी आणून बसवलाय. मग प्रत्येक तार बॉडीशी मोजा. सगळं बंद असताना तिथे किलोओहममध्ये आकडा हवा. वायरिंग हलवताना तो पाच-दहा ओहमवर कोसळला की तुमचं काम झालं.

फांदीसाठी मात्र सॉकेटवर बसून चालणार नाही. एबीएसचा कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूने, कपलरमधल्या कॅन हाय आणि लो पिनांत मोजा. फांदी धड असेल तर तिथूनही ६० दिसले पाहिजेत (एबीएस स्वतः टोक असेल तर १२०). मग तिथे प्रोब ठेवून लूम हलवा. तुमच्या केसमध्ये ही एकच मोजणी मला आधी हवी आहे. तीच स्टिअरिंगच्या कपलरवर करा.

कुठे शोधाल? कोकणातली गाडी, पावसाळा, इंजिनच्या खोलीत खाली बसवलेलं एबीएस. मी पहिली टॉर्च कपलरच्या आत मारेन. पिनांच्या बुडाशी हिरवट-पांढरी पूड दिसते का? ती दिसली नाही तरी कपलरच्या मागून येणारी तार बोटाने वाकवून बघा. निरोगी वायर लवचीक असते. आतून गंजलेली वायर ताठ आणि खरखरीत लागते, आणि स्लीव्ह थोडी सोलली तर तांबं काळं पडलेलं असतं. केशनलिकेसारखं पाणी तारेतून आत आत चढतं आणि कपलरपासून वीतभर लांब गंज सापडतो. याचं मूळ बऱ्याचदा आपणच असतो: मागच्या कुणीतरी कॅनची तार शोधताना इन्सुलेशनमधून टाचणी खुपसलेली असते. ते भोक डोळ्याला दिसत नाही, पण खारट हवेत दोन पावसाळे पुरतात. टाचणी घालायचीच तर कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने, पिनेपर्यंत.

दुसरा संशयित उंदीर. बॉनेटखाली रात्री ऊब असते. एका गाडीत बॅटरी ट्रे काढल्यावर खाली आंब्याची कोय आणि कुरतडलेल्या स्लीव्हचा चुरा सापडला होता. लूमवरची टेप वरून धड होती, खालच्या बाजूने उघडी. पिळाच्या जोडीतली लो पूर्ण शाबूत आणि हाय दोन केसांवर लटकलेली. कोरड्या दिवसात ते दोन केस निभावून नेत होते. लूम वरून बघून सोडू नका, हात खाली घालून पूर्ण फिरवा.

तिसरं, बाहेरून बसवलेला माल. म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, रिमोट लॉक, टॅक्सी पासिंगसाठीचा एआयएस-१४० ट्रॅकर, फायनान्सवाल्यांनी लपवून लावलेला जीपीएस. ओबीडी सॉकेटच्या मागच्या तारांना चिमटा-कनेक्टर मारून काही लावलंय का, ते आधी बघा, कारण ते काढून ठेवणं हीच सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे. सॉकेटवर अडकवून ठेवायचे स्वस्त डोंगलही यातच आले. ते काढा आणि ग्राहकाला दोन दिवस गाडी वापरू द्या. साइड-सिलच्या पट्टीचा स्क्रू लूममधून आरपार गेलेला, सीट कव्हरवाल्याने सीटखालची वायर दाबून ठेवलेली, असलं बरंच काही दिसतं.

हलवूनही फॉल्ट येत नसेल तर पाणी मारा. प्रेशर वॉशर नको, फवाऱ्याची बाटली घ्या. गाडी चालू ठेवून, स्कॅनरवर मॉड्यूलची यादी उघडी ठेवून एकेक जागा भिजवायची आणि मध्ये थांबायचं. विंडशील्डच्या खालची जाळी, फेंडरच्या आतलं ग्रोमेट, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट. कार्पेट ओलं असेल तर पॅनेल उघडा, डॅशखालचा कॅन जॉइंट बहुधा तिथेच जवळपास असतो.

तरीही सापडलं नाही तर लाइन वाटून घ्या. डायग्राममध्ये जॉइंट किंवा मधला कपलर कुठे आहे ते बघून लाइन मधोमध तोडा, आणि उरलेल्या अर्ध्यात फॉल्ट राहतो का पाहा. मग पुन्हा अर्धी. एक लक्षात असू द्या: टोकाचा रेझिस्टर ज्या अर्ध्यात गेला तो वेगळा झाला की उरलेल्या लाइनवर १२० ओहम राहतात. छोट्या लाइनवर त्यावरही संवाद बऱ्याचदा चालतो, पण तुटण्याच्या दिशेने झुकलेला असतो. म्हणून तोडलेल्या टोकाला हाय-लोच्या मध्ये १२० ओहमचा साधा रेझिस्टर तात्पुरता लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक-दोन रुपयाला मिळतो. चार-पाच टूलबॉक्समध्ये पडू द्या.

या कामासाठी दोन चॅनेलचा स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) घ्यावा असं मी आता सगळ्यांना सांगतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, आणि सरासरीत पापणीएवढा फॉल्ट विरघळून जातो. एक चॅनेल हायवर, एक लोवर, एक व्होल्ट प्रति घर, दहा-वीस मायक्रोसेकंद प्रति घर. ५०० केबीपीएसला एक बिट दोन मायक्रोसेकंदाचा, म्हणजे बिट सुटे दिसतात. निरोगी लाइनवर दोन रेषा आरशातल्यासारख्या एकमेकींच्या उलट उड्या मारतात, कडा खड्या असतात. जे मॉड्यूल एकाच तारेवर बोलतंय त्याचा मेसेज लगेच ओळखू येतो: त्या तुकड्यापुरत्या दोन्ही रेषा एकाच दिशेला जातात. हायची तार तुटलेली असेल तर दोन्ही खाली वाकतात, लोची तुटलेली असेल तर दोन्ही वर. कडा गोल झाल्या असतील तर रेझिस्टर गायब किंवा तारेत पाणी. आणि मेसेजच्या शेवटी एक बिट इतरांपेक्षा थोडा उंच दिसला म्हणून दचकू नका. ती पोच आहे. त्या एका बिटाला लाइनवरची सगळी मॉड्यूल एकदम उत्तर देतात, म्हणून तो उंच येतो.

फॉल्ट सापडल्यावर दुरुस्ती कशी करता, यावर पुढचा पावसाळा अवलंबून आहे. नुसती पीळ देऊन काळी टेप गुंडाळायची पद्धत इथे चालत नाही. गंजलेली तार जिथे तांबं चकचकीत लागतं तिथपर्यंत मागे कापा. दोन तारांचे जॉइंट एकाच जागी नकोत, थोडे मागेपुढे ठेवा. क्रिंप किंवा सोल्डर, त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह. आणि पीळ परत द्या, उघडी-सुटी जोडी पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त राहू देऊ नका. दोन साध्या वायरी समांतर ओढून काम चालतंय असं वाटतं, पण अल्टरनेटर आणि इंजेक्टरच्या तारांजवळून त्या गेल्या की बाहेरचा आवाज दोघींत सारखा शिरत नाही, आणि तो सारखा शिरावा म्हणूनच तर पीळ असतो. कपलरमधली पिन सैल असेल तर जुन्या कपलरमधून काढलेली समोरची पिन घालून तिची पकड बघा. नुसती घसरून पडली तर टर्मिनल बदला, पक्कडीने दाबून बसवू नका.

हे सगळं करून एबीएसच्या कपलरवर फीड पास, अर्थ पास, कॅनचे ओहम पास, वायरिंग हलवून-भिजवूनही पास, आणि तरीही मॉड्यूल गप्प बसतं, किंवा त्याचा कपलर काढला की बाकीची लाइन लगेच सुधारते, तर हो, मॉड्यूल दोषी आहे. आतले सोल्डर तडकतात, कॅनचा ट्रान्सीव्हर (लाइनवर बोलणारी चिप) जातो, हे होतं. तेव्हाही थेट नवं मागवण्याआधी बघा, की इलेक्ट्रॉनिक भाग पाइपांच्या ब्लॉकपासून वेगळा निघतो का. निघत असेल तर दुरुस्तीला देता येतो आणि ब्रेक ऑइल सांडत नाही. पूर्ण युनिट बदललंत तर ब्लीडिंग स्कॅनरने करावं लागेल, व्हेरियंट कोडिंग आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशनही. हे तुमच्या स्कॅनरला येतं का ते आधी तपासा, नाहीतर नवं मॉड्यूल बसवूनही दिवे तसेच राहतील. भंगारातून आणलेलं जुनं मॉड्यूल बसवून ‘बघू चालतंय का’ हे करू नका. दुसऱ्या व्हेरियंटचं असेल तर ते नवे कोड घालून ठेवेल आणि जुना माग पुसला जाईल.

ग्राहकाला तपासणीचे पैसे वेगळे सांगा, आणि आधीच सांगा. वायरीचा जॉइंट शंभर रुपयांचा निघाला तर तुमचा दिवसभराचा वेळ त्याला दिसत नाही. आणि तोवर ती गाडी घाटात नेऊ नका म्हणावं. साधे ब्रेक लागतात, पण एबीएस नाही आणि वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं तर ते परशुराम घाटात कळायला नको.

एबीएस आणि स्टिअरिंगच्या कपलरवरचे ओहम, सॉकेटवरचं ६ आणि १४ चं व्होल्टेज, आणि त्या दोन मॉड्यूलच्या स्वतःच्या कोडची यादी एवढं लिहा. गेटवे आहे की नाही तेही. मग पुढचं बघू.